खोलीची डावी

गावातली निम्मी घरं मिस्त्रींच्या हातची होती, पण त्यांच्या स्वतःच्या घराचा संडास मात्र परसाच्या टोकाला, चाळीस पावलांवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. "या उन्हाळ्यात आत घेऊ, पुढच्या उन्हाळ्यात आत घेऊ" करता करता बायको त्या चाळीस पावलांवरून ये-जा करत देवाघरी गेली. मुलगा लांब बंदरावर कामाला गेला. लोकांच्या भिंती उभ्या करता करता स्वतःच्या घराला हात लावायला मिस्त्रींना सवड काही झाली नाही. आणि थंडी सरता सरता एका सकाळी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि अर्धी जीभ गेली. डावं अंग तेवढं शिल्लक राहिलं.

ती चाळीस पावलं मोजली सुनेनं. आधी ती पावलं म्हणजे नुसती वाट होती. आता सासऱ्याचा डावा हात मानेभोवती घेऊन, त्यांचं फरपटणारं पाऊल आपल्या पावलाबरोबर ओढत नेताना एकेक पाऊल वेगळं कळायचं. बाराव्या पावलाला दगड होता. एकविसाव्याला धुण्याच्या पाण्याचा चिखल. शेवटी तीन पायऱ्या, त्याही मिस्त्रींनीच बांधलेल्या, धट्ट्याकट्ट्या माणसाच्या हिशेबानं उंच.

सून या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात खाकरल्याशिवाय कधी आले नव्हते. तिच्याशी बोलायचं तर ते चुलीकडे नाही तर छपराकडे बघून बोलायचे. "पोरी, पाणी गरम झालं का?" एवढंच. आता त्याच माणसाच्या पायजम्याची नाडी तिला सोडायला लागायची. ती पत्र्याच्या दाराकडे तोंड करून उभी राहायची. ते डोळे गच्च मिटून घ्यायचे. आपण एकमेकांना दिसतच नाही असं दोघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. परत येताना ती काहीतरी बोलायची, ऊन वाढलंय, कोंबडी रुसलीय, असलं काहीही. ते एका शब्दानं उत्तर द्यायचे नाहीत.

सून रोपवाटिकेत कामाला जायची. सकाळी सातला जायचं, काळ्या पिशव्यांत माती भरायची, रोपं लावायची, एक वाजता परत. जाताना ती मिस्त्रींच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. आल्यावर बघायची तर तांब्या भरलेला. पहिले काही दिवस तिला वाटलं, शेजारीण येऊन भरून जात असेल. मग एक दिवस तिनं पाण्यावर लिंबाच्या झाडाचं एक वाळकं पान टाकून ठेवलं. दुपारी पान तिथंच तरंगत होतं.

ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं मिस्त्रींच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती जागेवर जाईना.

"पाणी प्या, आजोबा. या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडं जातील. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

मिस्त्रींनी मान हलवली. घरी आल्यावर तिनं पेला तोंडाशी नेला, तर त्यांनी ओठ आवळले.

"मामा, का असं करता?"

मिस्त्रींनी मागच्या दाराकडे बघितलं. उघड्या दारातून परस दिसत होतं, परसाच्या टोकाचं पत्र्याचं दार दिसत होतं. तेव्हा तिला कळलं. पाणी प्यायलं की जावं लागतं. ती कामावर असताना जायचं झालं तर कपड्यात, आणि ती घरी असताना जायचं झालं तर तिच्या गळ्यात हात टाकून. म्हणून ते पाणीच सोडून बसले होते. तिनं पेला खाली ठेवला आणि उगाच चुलीपुढचं झाडून काढलं.

त्या दिवशीच तिनं नवऱ्याला फोन लावला.

"घरातच संडास बांधायचा. अडगळीची खोली आहे ना, तीत. खाटेपासून आठ पावलं आहेत, मी मोजली. खुर्चीसारखा बसायचा करायचा, आणि धरून उठायला भिंतीत दांडी बसवायची. मग त्यांचं ते जातील."

"कर ना. कुणाला देतेस काम?"

"तेच विचारतेय."

"मी इथं बसून काय सांगू? तुझ्या डोळ्यांना पटेल त्याला दे. पण लवकर कर."

गावात बांधकाम करणारे तसे दोघंच उरले होते. एक फटफटीवाला ठेकेदार आणि दुसरा दीडबोट.

ठेकेदार बोलावल्याच्या दुसऱ्या दिवशी हजर. फटफटी थेट ओट्याला लावली, गॉगल डोक्यावर चढवला आणि मिस्त्रींच्या पायाला हात लावून मोठ्यानं बोलायला लागला. मिस्त्रींची जीभ गेली होती, कान शाबूत होते, पण ठेकेदाराच्या मते दोन्ही एकच.

"काका, ओळखलं का? आमच्या घराचा ओटा तुमच्या हातचा. आता तुमची सेवा करायचा आमचा नंबर. एकदम हॉटेलसारखं करून देतो."

त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. निळ्या फरश्या, पांढऱ्या फरश्या, फुलांच्या फरश्या. सून फोटो बघत होती आणि मनात एकच प्रश्न विचारत होती. शेवटी तिनं तो विचारला.

"किती दिवस?"

"सहा. चार माणसं लावतो. सातव्या दिवशी काका आत."

"लेव्हल," खाटेवरून मिस्त्री म्हणाले. शब्द तोंडातून निम्माच आला, पण आला.

"काका, आता मशीन आहे. भिंतीवर लाल रेघच मारतं. काळजी सोडा."

मिस्त्रींनी खाटेच्या वर खिळ्याला टांगलेल्या आपल्या ओळंब्याकडे बघितलं. पितळेचा, चाळीस वर्षं हातात फिरून गुळगुळीत झालेला. सून त्याच्यावरची धूळ रोज पुसायची. ती ठेकेदाराला म्हणाली, "सांगते दोन दिवसांत."

दुसऱ्याला बोलावणं मात्र तितकं सोपं नव्हतं.

दीडबोट हे काही माणसाचं नाव नव्हे. तीस वर्षांपूर्वी तो मिस्त्रींच्या हाताखाली शिकत होता. एका घराची भिंत त्यानं एकट्यानं वर आणली, आणि मिस्त्रींनी ओळंबा सोडून बघितलं तर भिंत दीड बोट कललेली. मिस्त्रींनी घरमालकाला बोलावलं, सुताराला बोलावलं, रस्त्यानं जाणाऱ्या चार माणसांना बोलावलं. म्हणाले, "बघा, दीड बोट. चुकीचं काम उभं ठेवायचं नाही. आण पहार." सगळ्यांच्या देखत त्याच्याच हातानं ती भिंत त्यांनी पाडून घेतली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. त्या महिन्यात त्यानं मिस्त्रींचं काम सोडलं, पण नाव काही सुटलं नाही. लग्नपत्रिकेवर खरं नाव छापलं तर लोक विचारायला लागले, हा नवरामुलगा कोण? आता पन्नाशी उलटली होती, कानाशी केस पिकले होते. गावातली शेंबडी पोरंही "दीडबोटकाका" म्हणायची आणि तो "काय रे" म्हणायचा. या घराच्या उंबऱ्यात मात्र त्यानं तीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

रोपवाटिकेतून येताना सून त्याच्याकडे वाकडी वाट करून गेली. तो बादलीत थापी धूत होता. तिनं सगळं सांगितलं. पाण्याचंही सांगितलं, का कोण जाणे.

"मिस्त्रींनी बोलावलंय?" त्यानं विचारलं.

"मी बोलावतेय."

तो थापी धूतच राहिला. धुवून झाली तरी धूत राहिला. मग म्हणाला, "उद्या येतो, वहिनी."

आला तेव्हा चपला बाहेर लांब काढून आला. मिस्त्रींनी त्याला बघितलं, आणि त्यांची डावी भुवई वर गेली. उजवी जागीच राहिली. तो "मिस्त्री" एवढंच म्हणाला आणि अडगळीच्या खोलीत शिरला. मोडका पाळणा, डबे, मिस्त्रींच्या जुन्या फळ्या सगळं बाजूला सारलं. आत जाऊन समोरच्या भिंतीला पाठ टेकवून तो उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. दाराकडे तोंड केलं, दोन्ही हात बाजूला पसरले आणि बराच वेळ तसाच राहिला. सुनेला हसूच आलं. ठेकेदारानं दारातूनच डोकावून सगळं सांगितलं होतं. याचं सगळंच जगावेगळं.

मग त्यानं स्वयंपाकघरातलं स्टूल मागितलं. खाटेजवळ, दाराकडे तोंड येईल असं ठेवलं.

"मिस्त्री, जरा बसून दाखवता? बसल्यावर हात कुठं पडतो ते बघायचंय. आणि उठताना जोर कुठून लागतो ते."

मिस्त्रींनी स्टुलाकडे बघितलं, मग सुनेकडे, आणि लगेच नजर काढून घेतली. त्यांचा चेहरा तांबडा झाला. ज्या पोराला आपण चारचौघांत उभं केलं, त्याच्यासमोर आता आपण संडासाला बसल्यासारखं बसून दाखवायचं, आणि तेही सुनेच्या देखत.

"नाही," ते म्हणाले.

"मिस्त्री, भिंतीचं माप भिंतीवरून घेता येतं. माणसाचं माणसावरूनच घ्यायला लागतं. तुम्हीच..."

मिस्त्रींनी डावा पाय झाडला. स्टूल उलटलं आणि भिंतीला जाऊन लागलं.

"दीडबोट," ते म्हणाले. आजारी पडल्यापासून इतका स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली. ती पुसायलासुद्धा सुनेचं धाडस होईना.

दीडबोटानं स्टूल उचललं, सरळ केलं, स्वयंपाकघरात जिथून आणलं होतं तिथं नेऊन ठेवलं. ती त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली.

"मनावर घेऊ नका हो. आजारी माणूस."

"मी कुठं घेतोय," तो म्हणाला. "वहिनी, मला तीन आठवडे लागतील. एकटा आहे मी. आणि त्यांना एकदा बसून दाखवावं लागेल. त्याशिवाय मी दांडी बसवणार नाही. चुकीच्या जागी दांडी असण्यापेक्षा नसलेली बरी."

ती रात्रभर विचार करत बसली नाही. विचार करायला वेळ कुठला? दुसऱ्या दिवशी माती भरता भरता तिनं ठरवलं. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. एकवीस दिवस हा माणूस चार घोटांवर काढणार. वर त्याला नको असलेला माणूस रोज डोळ्यांसमोर. ठेकेदाराचे सहाच दिवस. एकविसातून सहा गेले, पंधरा. पंधरा दिवसांचं पाणी. हिशेब सरळ होता, आणि तिनं जीव ओतून केला होता. दुपारी तिनं ठेकेदाराला फोन केला.

चार माणसं आली. घण पडायला लागले, घरभर धूळ झाली, खाटेवर चादर लावून तंबू केला. मिस्त्री आवाजाकडे कान टवकारून असायचे. घाव चुकीचा पडला की त्यांची जीभ टाळ्याला लागायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सून डब्याची पिशवी खांद्याला लावून निघाली होती. आदल्या दिवशी उशीर झाला म्हणून मुकादम सगळ्यांसमोर बोलला होता, "तुमच्या घरी काय रोज बाळंतपण असतं?" आज वेळेवर जायचंच होतं. एवढ्यात ठेकेदार खडू घेऊन नव्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि ओरडला, "काका, दांडी कुठल्या बाजूला?"

"डावी," चादरीच्या आतून मिस्त्री म्हणाले.

"डावीकडे. म्हणजे इथं. ना, ताई?"

ती त्याच्या शेजारी दारात उभी राहिली. आत बघितलं. डाव्या हाताच्या भिंतीवर त्यानं खडूची रेघ मारली होती. डावी म्हणाले, डावीकडे मारली. यात चुकण्यासारखं काय होतं?

"हो," ती म्हणाली. "आणि जरा लवकर करा हो." आणि ती पळत सुटली.

त्या दुपारी ती आली तर उशाचा तांब्या निम्मा झाला होता. तिनं तो उचलून हलवून बघितला, मग खाली जमीन हात लावून बघितली, कुठं सांडलं तर नाही. जमीन कोरडी होती. मिस्त्री तिच्याकडे न बघता छपराकडे बघत होते. पण डाव्या ओठाचा कोपरा किंचित हलला. एवढे दिवस मोजून ठेवलेलं पाणी आता प्यायला हरकत नाही, आता आपली खोली होतेय, असंच ते सांगत होते. दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत मुकादम काहीतरी बोलला तर ती हसली. तो बिचारा गोंधळून गेला.

सहाचे नऊ दिवस झाले. नवव्या दिवशी दुपारी खोली तयार झाली. पांढऱ्या फरश्या, चकचकीत नळ, चकचकीत उभी दांडी. ठेकेदारानं सगळ्या बाजूंनी फोटो काढले, एक फोटो मिस्त्रींबरोबर काढला आणि फटफटी घेऊन गेला. खोली खरंच हॉटेलसारखी दिसत होती. सून मनापासून खूश होती.

मिस्त्रींनी तिच्या खांद्यावर हात टाकला. आठ पावलं. एक दगड नाही, चिखल नाही, पायरी नाही. दारात पोचल्यावर त्यांनी तिच्या खांद्यावरचा हात काढला आणि चौकटीला धरला.

"जा," ते म्हणाले.

त्या एका शब्दासाठी तर सगळं होतं. तिनं त्यांना आत वळवून बसवलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर कडीवर हात ठेवून उभी राहिली. डोळ्यांत पाणी येत होतं, ती तसंच येऊ देत होती. आतून नळाचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग कापडाची सळसळ, एक लांब श्वास, पुन्हा एक श्वास. मग पोतं पडल्यासारखा आवाज झाला.

तिनं दार ढकललं. मिस्त्री ओल्या फरशीवर आडवे पडले होते, कमरेखाली पाय वाकडा. डावा हात छातीवरून उजव्या बाजूला गेला होता आणि उजव्या भिंतीवरची दांडी त्यानं घट्ट धरून ठेवली होती. ती सोडवायला गेली तरी मूठ सुटेना.

तेव्हा तिला दिसलं. दारात उभं राहून बघितलं तर दांडी डावीकडे होती. बसणाऱ्याला ती उजवीकडे होती, मेलेल्या हाताकडे.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरनं हाडाचा फोटो उजेडापुढे धरला आणि बराच वेळ बघितल्यासारखं केलं. "या वयात, या अंगानं, कापाकापी सोसणार नाही. पडूनच राहू द्या. आता उठवायचं नाही."

ठेकेदार भेटायला आला, फळं घेऊन आला. खाली मान घालून म्हणाला, "ताई, काकाच डावी म्हणाले. तुम्हीपण हो म्हणालात." त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही.

घरी आणल्यावर चौथ्या दिवशी ती खाटेजवळ जमिनीवर बसली.

"मामा, खूण करताना मी होते तिथं. मला घाई होती. मी हो म्हणाले. एकदा आत जाऊन बसून बघितलं असतं तरी कळलं असतं."

मिस्त्री भिंतीकडे बघत राहिले. ऐकलं की नाही तेही कळेना. तिला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. स्टूल माझ्या अंगावर फेकलं असतं तरी चाललं असतं. आता तर चाळीस पावलंही नव्हती आणि आठही नव्हती. सगळं खाटेवरच. ती लघवीसाठी सतेलं आणायची, कपडे बदलायची, पुसायची. मिस्त्री डोळे गच्च मिटून घ्यायचे, आणि उशाचा तांब्या पुन्हा भरलेलाच राहायला लागला. चमच्यानं घातलं तर ओघळून उशीवर यायचं.

आठवडाभरानं दुपारी दीडबोट आला. बोलावल्याशिवाय आला. खांद्याला हत्यारांची पिशवी होती. मिस्त्रींना "मिस्त्री" म्हणाला, नव्या खोलीत गेला, समोरच्या भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"कुठली बाजू सांगितली होती त्यांनी?" त्यानं विचारलं.

"डावी. ते चुकले नाहीत, मी चुकले. म्हणजे ते म्हणाले डावी, पण..."

"बरोबरच म्हणाले. या इथं, वहिनी. माझ्यासारख्या उभ्या राहा."

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"आता डावा हात पसरा. ही खोलीची डावी. पहिल्या दिवशी शिकवायचे आम्हाला. म्हणायचे, दारातून बघतो तो पाहुणा. खोली राहणाऱ्याची असते. आत उभं राहा, दाराकडे तोंड करा, मग डावी-उजवी बोला. सबंध गावात ही डावी आम्ही त्यांच्या हाताखालची सातआठ माणसंच बोलतो. त्यातले चार वारले."

सुनेचा पसरलेला हात रिकाम्या भिंतीवर होता. तिनं तो खाली घेतला नाही.

"मला कुणी सांगितलं नाही हो," ती म्हणाली, आणि रडली.

"तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही काय गवंडीकाम शिकायला आला होतात?" त्यानं छिन्नी काढली. "जरा बाजूला व्हा. धूळ उडेल."

"आता काय उपयोग? ते उठणार नाहीत. डॉक्टर म्हणाले."

"माहितेय मला."

"मग?"

"चुकीचं काम उभं ठेवायचं नाही," तो म्हणाला, "असं मला एकानं शिकवलंय." हे बोलताना त्याच्या आवाजात राग नव्हता. असला तरी तो फार जुना झालेला होता.

आधी तो खाटेकडे आला. खिशातून सुतळी काढली.

"मिस्त्री, हात द्या."

मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं, मग हळूहळू डावा हात चादरीबाहेर काढला. दीडबोटानं सुतळी खांद्याला लावली, कोपरापर्यंत आणली, गाठ मारली, कोपरापासून मुठीपर्यंत आणली, गाठ मारली. मूठ त्यानं आपल्या हातात धरून उघडली आणि मिटवून बघितली. कमरेपासून खांद्यापर्यंतचं माप घेतलं, दुखऱ्या अंगाला धक्का न लावता. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांचे हात एकमेकांना लागत होते.

काम दोन दिवस चाललं. जुनी दांडी काढली, भोकं बुजवली, फुटलेल्या फरशीच्या जागी नवी कापून बसवली. सांधा बोटानं शोधावा लागेल असा. मग डाव्या भिंतीत, सुतळीच्या गाठीच्या उंचीवर, दांडी बसवली. एकटाच होता, घाई नव्हती. मिस्त्री पहिल्या घावापासून डोळे उघडे ठेवून ऐकत होते. त्यांची जीभ एकदाही टाळ्याला लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाटेपाशी आला.

"मिस्त्री, तुमचा ओळंबा घेऊ का?"

मिस्त्रींनी मान हलवली. दीडबोटानं आणि सुनेनं मिळून खाट उचलत उचलत खोलीच्या दारासमोर आणली, आतलं दिसेल अशी. दीडबोटानं ओळंबा सोडला. पितळेचा गोळा हलला, थोडा फिरला आणि थांबला. दोरा आणि दांडी शेजारीशेजारी होती, वरपासून खालपर्यंत, केसाचाही फरक नव्हता. मिस्त्रींनी वरून खाली बघितलं. मग खालून वर, आणि डोळे मिटून घेतले. सुनेला वाटलं, थकून डोळा लागला की काय.

मिस्त्रींनी हाक मारली. दीडबोट म्हणून नव्हे. त्याच्या आईबापांनी ठेवलेलं त्याचं नाव, अर्ध्या जिभेवरून अडखळत, पण सगळं आलं. दीडबोटाला आधी कळलंच नाही. दारात आणखी कोण आलंय म्हणून त्यानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"जी, मिस्त्री," तो म्हणाला. तो वाकून खाली पडलेली सिमेंटची धूळ हातानं गोळा करत राहिला.

तो गेल्यावर मिस्त्रींनी सुनेकडे बघितलं. छपराकडे नाही, भिंतीकडे नाही, तिच्याकडे.

"पोरी," ते म्हणाले. "पाणी."

तिनं तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी तो सबंध संपवला, मध्ये दोनदा थांबून, दम घेऊन. खोली आता बरोबर होती, आणि तिथं मिस्त्री कधी बसणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. पाणी प्यायलं की काय होतं तेही माहीत होतं.

तासाभरानं ती सतेलं आणि कोरडे कपडे घेऊन आली. सवयीनं तिनं तोंड फिरवलं आणि चाचपडत नाडीला हात घातला. गाठ बसली होती, सुटेना. तिनं वळून बघितलं. मिस्त्रींनी डोळे मिटले नव्हते. डावा हात पुढे करून त्यांनी नाडीचं एक टोक धरलं, दुसरं तिनं ओढलं, आणि दोघांनी मिळून गाठ सोडवली.